मर्जर झालं नाही तर तोट्यातली एअरलाइन तगते का?

प्रश्न असा आहे की ज्या एअरलाइन्स वर्षानुवर्षं तोट्यात चालल्यात त्या दुसऱ्या कंपनीत विलीन न होता तगू शकतात का, की आज ना उद्या मर्जर हा एकच रस्ता उरतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. तगू शकतात. उलट मी तर म्हणेन की आजारी एअरलाइनसाठी मर्जर हे बहुतेक वेळा औषध नसतंच, ते निरोगी माणसाने करायचं ऑपरेशन आहे, अंगात रक्त नसताना टेबलावर झोपलात तर उठण्याची खात्री नाही. मी बावीस वर्षं एअरलाइनच्या फायनान्समधे आणि नंतर फ्लीट प्लॅनिंगमधे, म्हणजे कोणती विमानं किती ठेवायची हे ठरवण्यात, काढलीत, त्यातली सहा वर्षं अशा कंपनीत होतो जिथे पुढच्या महिन्याचे पगार कुठून करायचे हाच रोजचा विषय असायचा, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, एअरलाइन तोट्याने मरत नाही, कॅश संपल्याने मरते. दहा-दहा वर्षं तोटा करून उडत राहिलेल्या कंपन्या आहेत आणि कागदावर फायदा दाखवत असताना आडव्या झालेल्याही आहेत. कारण या धंद्यात पैसा आधी येतो आणि सेवा नंतर दिली जाते, प्रवासी तीन महिन्यांनंतरचं तिकीट आज काढतो आणि ते पैसे बँकेत दिसायला लागले की मॅनेजमेंटला वाटतं आपल्याकडे पैसे आहेत, पण ते आपले नसतातच, ते अजून न उडालेल्या फ्लाइटचे असतात. आता कंपनी डळमळीत आहे अशी बातमी बाहेर पडली की सगळ्यात आधी कोण जागं होतं माहितीये? क्रेडिट कार्डाचे पैसे वळते करणारी बँक. फ्लाइट रद्द झाली तर रिफंड तिच्या गळ्यात पडणार असतो, म्हणून ती म्हणते की आता तिकिटाचे पैसे लगेच देणार नाही, प्रवासी प्रत्यक्ष उडाला की मग देऊ. त्या एका पत्राने दोन-तीन महिन्यांचा गल्ला अडकून पडतो. त्याच आठवड्यात इंधन कंपनी उधारी बंद करते, रोख भरा आणि मग टँकर येईल. विमानतळवाले डिपॉझिट मागतात, विमानं भाड्याने देणारे लेसर फोन करायला लागतात. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात ते मी स्वतः एका आठवड्यात घडताना पाहिलंय.

स्विसएअरचं उदाहरण यासाठी मी नेहमी देतो. एके काळी या कंपनीला लोक उडती बँक म्हणायचे इतकी तिची पत होती, आणि २ ऑक्टोबर २००१ ला तिची विमानं जमिनीवर थांबली कारण इंधनाचे पैसे द्यायला रोख नव्हती. विमानं होती, पायलट होते, प्रवासी रांगेत उभे होते. आणि ही वेळ कशाने आली? दुसऱ्या एअरलाइन्समधे हिस्से घेण्याच्या धोरणाने. बेल्जियमच्या सबेनामधे ४९.५ टक्के, शिवाय जर्मनी, फ्रान्स, पोलंड असं करत करत बहुतेक तोट्यातल्याच कंपन्या गळ्यात बांधून घेतल्या. ९/११ नंतर प्रवासी घटले ते शेवटचं निमित्त, आतून पोखरणं आधीच झालं होतं. सबेनाही त्याच वर्षी नोव्हेंबरमधे गेली.

कॅश संपत आली की आतून काय होतं तेही सांगतो कारण बाहेरून ते दिसत नाही. स्पेअर पार्ट विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून एक विमान हँगरमधे उभं करतात आणि त्याचे पार्ट काढून बाकीच्यांना लावतात. सुरुवातीला दोन आठवड्यांसाठी म्हणून. आमच्याकडे असं एक विमान होतं, पहिल्या महिन्यात कॉकपिटमधला एक कॉम्प्युटर काढला, मग एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज पुरवणारं शेपटीतलं छोटं इंजिन, काढलं, मग चाकं, मग एक इंजिन, आणि चार महिन्यांनी मी हँगरमधे गेलो तर इंजिनाच्या जागी पंखाखाली वजन लटकवलं होतं, विमानाचा तोल राहावा म्हणून. प्रत्येक काढलेल्या पार्टवर टॅग बांधलेला, कुठून काढला कुठे लावला. त्या विमानाचं भाडं आम्ही दर महिन्याला भरतच होतो. आणि ते लेसरला परत करायचं म्हटलं तर आधी सगळे पार्ट परत बसवून कागदपत्रं पूर्ण करून द्यावी लागणार, म्हणजे परत करायलाही पैसे हवेत. तोट्यातली एअरलाइन लहान का होत नाही याचं अर्धं उत्तर इथे आहे.

आता मर्जरकडे येऊ. मर्जरचा फायदा नेहमी तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतो आणि खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो. दोन रिझर्व्हेशन सिस्टिम एक करायच्या, दोन ऑपरेटिंग सर्टिफिकेट एक करायची, मॅन्युअल्स एक करायची, क्रूचं ट्रेनिंग नव्याने करायचं, विमानं रंगवायची. युनायटेड आणि कॉन्टिनेंटलचं मर्जर २०१० चं, दोन्ही मोठ्या आणि बऱ्यापैकी धडधाकट कंपन्या, तरी मार्च २०१२ मधे रिझर्व्हेशन सिस्टिम बदलली तेव्हा काउंटरवर रांगा लागल्या आणि त्यांना सावरायला बराच काळ गेला. हे धक्के पचवायला तिजोरीत पैसे लागतात, जे आजारी कंपनीकडे नसतात हीच तर मूळ तक्रार आहे.

आणि सगळ्यात अवघड भाग म्हणजे पायलटांची सिनिऑरिटी लिस्ट. बाहेरच्या माणसाला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण पायलटचं सगळं आयुष्य त्या लिस्टमधल्या नंबरवर चालतं, कोणतं विमान उडवणार, कॅप्टन कधी होणार, सणाला घरी असणार की नाही, मंदीत आधी कोणाला काढणार. दोन कंपन्यांच्या लिस्टा एकत्र करताना कोणाचा तरी नंबर मागे जातोच. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मधे एक झाल्या, लवादाने २००७ मधे एकत्र लिस्ट बनवून दिली, ती एका गटाला मान्य झाली नाही आणि पुढची कित्येक वर्षं एकाच कंपनीत एकाच रंगाच्या विमानांवर दोन वेगळे पायलट गट वेगवेगळ्या कराराने उडत राहिले. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सचंही २००७ मधे असंच झालं. एकीकडे मुख्यतः बोइंग, दुसरीकडे एअरबस, पगाराची रचना वेगळी, बढतीचे नियम वेगळे, वर नव्या विमानांच्या मोठ्या ऑर्डरचं कर्ज, आणि एकत्र येऊन वाचणार असं सांगितलेला खर्च कुठे दिसलाच नाही. शेवटी २७ जानेवारी २०२२ ला ती टाटांकडे गेली तोवर सरकारी पैशावरच चालली. जेटने २००७ मधे १४५० कोटी मोजून सहारा घेतली, किंगफिशरने त्याच सुमारास डेक्कनमधे हिस्सा घेतला, यातल्या कुठल्या कंपनीचं विमान आज उडताना दिसतं? मी असं म्हणत नाही की फक्त त्या खरेदीमुळेच त्या बुडाल्या, कारणं अनेक होती, पण त्या खरेदीने त्यांना वाचवलं नाही एवढं नक्की. इटलीची अलिटालियाही २००८ मधे एअर वनला जोडूनच नव्याने सुरू केली होती, मग २०१४ मधे अबू धाबीच्या एतिहादने ४९ टक्के घ्यायचं ठरवलं, २०१७ मधे प्रशासक आले आणि ऑक्टोबर २०२१ मधे शेवटची फ्लाइट उतरली.

यावर लगेच म्हणतात की मग अमेरिकेत कसं जमलं, तिथे तर मर्जर करून करून चार मोठ्या कंपन्या उरल्या आणि पैसे कमवायला लागल्या. बरोबर आहे, पण क्रम बघा. डेल्टा आणि नॉर्थवेस्ट या दोघींनी एकाच दिवशी, १४ सप्टेंबर २००५ ला, चॅप्टर ११ खाली, म्हणजे कंपनी चालू ठेवून देणी नव्याने ठरवायच्या दिवाळखोरी कायद्याखाली, कोर्टात अर्ज केला, दोघींनी स्वतंत्रपणे कर्ज, भाडेकरार, पगार सगळं छाटून घेतलं, २००७ मधे दोघी बाहेर आल्या आणि त्यानंतर २००८ मधे एकत्र झाल्या. मधल्या काळात, डेल्टा अजून कोर्टातच असताना, यूएस एअरवेजने तिला विकत घ्यायची ऑफर दिली होती, शेवटी ती १० अब्ज डॉलरच्या आसपास नेली, आणि डेल्टाच्या कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध मोहीम काढली, धनकोंनीही साथ दिली नाही आणि जानेवारी २००७ अखेर ती ऑफर मागे गेली. म्हणजे आजारी असताना मर्जर नाकारलं आणि बरी झाल्यावर स्वतःच्या मर्जीने केलं. युनायटेड आधी २००२ ते २००६ कोर्टात होती, मर्जर २०१० ला. आधी दुखणं बरं केलं आणि मग लग्न केलं असा सरळ हिशोब आहे, लोक फक्त लग्नाचे फोटो बघतात.

आता एकट्याने तगलेल्यांबद्दल. मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते कॉन्टिनेंटल. १९८३ आणि १९९० असं दोनदा दिवाळखोरीत जाऊन आलेली कंपनी, वेळेवर पोचण्यात अमेरिकेतल्या दहा मोठ्या कंपन्यांमधे तळाला. १९९४ मधे गॉर्डन बेथून आले. त्यांनी केलं काय तर तोट्यातली स्वस्त उपसेवा बंद केली, ज्या रूटवर पैसे जात होते ते सोडले, आणि कर्मचाऱ्यांना सांगितलं की ज्या महिन्यात आपण वेळेच्या यादीत पहिल्या पाचात येऊ त्या महिन्यात प्रत्येकाला ६५ डॉलर. हिशोब असा होता की फ्लाइट चुकलेल्या प्रवाशांना दुसऱ्या कंपनीने पाठवणं, हॉटेलं, जेवण यावर कंपनी दर महिन्याला जे लाखो डॉलर घालवत होती त्यातला काही भाग वाटला तरी पुरेल. काही महिन्यांत कंपनी यादीत वर आली आणि १९९५ मधे फायद्यात. मला यात आवडतं ते हे की पैसा बाहेरून आणला नाही, गळतीतून काढला. सामान चढवणाऱ्या माणसाला माहीत असतं की दहा मिनिटं कुठे वाया जातात, त्याला फक्त कोणी विचारलेलं नसतं.

जपान एअरलाइन्सचं तर आणखी बोलकं आहे. तिने २००२ मधे जपान एअर सिस्टिमशी मर्जर केलं होतं, त्यातून विमानांचे प्रकार वाढले, युनियन वाढल्या, न परवडणारे रूट वाढले. जानेवारी २०१० मधे सुमारे २.३ लाख कोटी येन देणी घेऊन ती कोर्टात गेली. सरकारी निधीने ३५० अब्ज येन घातले, क्योसेराचे संस्थापक काझुओ इनामोरी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी विनापगार चेअरमन म्हणून आले. बोइंग ७४७ आणि एमडी-९० चा सगळा ताफा काढून टाकला, सुमारे १६ हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि प्रत्येक फ्लाइटचा हिशोब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या त्या टीमसमोर यायला लागला. सप्टेंबर २०१२ मधे ती पुन्हा शेअर बाजारात आली. यात सरकारचा हात होता हे विसरून चालणार नाही, धनकोंनीही मोठी रक्कम सोडली, १६ हजार घरांनी किंमत मोजली. पण एकटी तगली. नॉर्वेजियननेही तेच केलं, जानेवारी २०२१ मधे ड्रीमलायनरचा लांब पल्ल्याचा सगळा धंदा सोडून पन्नासेक बोइंग ७३७ घेऊन युरोपपुरती राहिली आणि मग काही वर्षांनी स्वतःच दुसरी कंपनी विकत घेण्याइतकी सावरली. क्वांटासने २०१४ मधे २.८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा तोटा दाखवला, त्यातला मोठा भाग विमानांची किंमत पुस्तकात खाली आणल्याचा होता, पाच हजार नोकऱ्या कमी करायचं ठरवलं आणि पुढच्याच वर्षी फायद्यात आली. तिच्याकडे तेव्हा कॅश होती हे महत्त्वाचं, म्हणून तिला वेळ मिळाला.

या सगळ्यांत समान काय, तर वेळ असताना लहान होणं. आणि इथेच बहुतेक कंपन्या अडतात, त्याचं कारण हट्ट नाही, गणित आहे, ते नीट समजून घ्या. समजा एका रूटवर फ्लाइटमागे इंधन, लँडिंग, नेव्हिगेशन असा थेट खर्च १०० आहे आणि उत्पन्न ११०. विमानाचं भाडं, पगार, ऑफिस यांचा वाटा धरला तर खर्च १४०, म्हणजे ३० चा तोटा. आता मीटिंगमधे कोणीतरी म्हणतं की हा रूट बंद करा. लगेच उत्तर येतं की बंद केला तर भाडं आणि पगार थोडेच थांबणार आहेत, वरचे १० येतायत तेही जातील. आणि ते बरोबर असतं! प्रत्येक रूटचं असंच बरोबर असतं. म्हणून एकही रूट बंद होत नाही आणि अख्खी कंपनी बुडते. मी स्वतः असे तक्ते कितीतरी वर्षं बनवलेत आणि त्यांवर सह्या केल्यात. यातून बाहेर पडायचं तर रूट एकेक बघायचाच नाही, अख्खं विमान बघायचं, किंबहुना विमानाचा अख्खा प्रकार बघायचा. सात विमानांचा एक प्रकार गेला की त्याचे सिम्युलेटरचे तास, त्याचं स्पेअर पार्टचं कपाट, त्याचे स्टँडबाय क्रू, त्याचा इंजिनचा करार सगळं जातं, तेव्हाच वरचे ३० खरोखर वाचतात. अर्धवट छाटणीचा उपयोग नाही, त्याने प्रवासी जातात आणि खर्च राहतो.

आमच्या कंपनीत हे आम्ही जवळपास दोन वर्षं उशिरा केलं आणि उशीर होण्याचं कारण मर्जरची बोलणी. समोरची कंपनी मोठी होती, अकरा महिने चर्चा चालली. त्या अकरा महिन्यांत आम्ही काहीच ठरवू शकत नव्हतो, कारण विमानं परत केली तर समोरच्याला आपली किंमत कमी वाटेल, बेस बंद केला तर विमानतळावरचे स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या राखीव वेळा, जातील, पायलटांशी करार केला तर तो त्यांना आवडणार नाही. चांगले पायलट आणि इंजिनियर वाट बघत थांबत नाहीत, बाजारात मागणी असते, त्या काळात आमचे बरेच कॅप्टन गेले. शेवटी समोरच्यांनी आमची सगळी पुस्तकं, सगळे करार, रूटनिहाय हिशोब बघून घेतले आणि नको म्हणाले. आम्हाला फार राग आला होता तेव्हा, पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही नकोच म्हणालो असतो.

अमेरिकेतल्या स्पिरिट या स्वस्त भाड्याच्या एअरलाइनच्या बाबतीत मला हेच दिसतं. २०२२ च्या सुरुवातीला फ्रंटियर एअरलाइनशी मर्जर ठरलं, मग जेटब्लू ही दुसरी एअरलाइन मधे पडली, ३.८ अब्ज डॉलरचा सौदा झाला, जानेवारी २०२४ मधे कोर्टाने तो अडवला आणि मार्चमधे तो मोडला. म्हणजे दोन वर्षं सगळं लक्ष त्यात. त्याच काळात प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमुळे विमानं उभी, आणि मोठ्या कंपन्यांनी बेसिक भाडी काढून तिचाच प्रवासी ओढला. नोव्हेंबर २०२४ मधे ती चॅप्टर ११ मधे गेली, साधारण ८० कोटी डॉलर कर्जाच्या बदल्यात धनकोंना शेअर देऊन मार्च २०२५ मधे बाहेर आली, पण ताफा आणि भाडेकरार फारसे हलवलेच नाहीत, आणि ऑगस्ट २०२५ मधे परत आत. कर्ज फिटलं म्हणजे दुखणं गेलं असं नसतं, रोजच्या उड्डाणात तोटा असेल तर नवीन कर्ज तयार व्हायला वर्षही लागत नाही. मर्जर झालं असतं तर स्पिरिटच्या भागधारकांचं भलं झालं असतं हे मान्य, पण तो तोटा जेटब्लूच्या अंगावर गेला असता आणि जेटब्लूही तेव्हा तोट्यातच होती.

मर्जर कधीच करू नये असं माझं म्हणणं नाही. जी कंपनी मधल्या आकाराची आहे, ना खर्चात सगळ्यात स्वस्त ना नेटवर्कमधे मोठी, आणि आजूबाजूला दोन-तीन बलाढ्य ग्रुप, तिला एकटीने राहणं दिवसेंदिवस कठीण आहे. स्विसएअरच्या जागी उभी राहिलेली स्विस २००५ पासून जर्मनीच्या लुफ्तान्साच्या पंखाखाली गेली आणि तिचं भलं झालं, पण तिथे दोन गोष्टी होत्या, एक म्हणजे घेणाऱ्याकडे पैसा होता, आणि दुसरं म्हणजे स्विसने त्याआधी स्वतःला बरंच छाटलं होतं. नाव वेगळं ठेवलं, क्रू वेगळे ठेवले, फक्त खरेदी, विक्री, नेटवर्क एक केलं. अलिटालियाच्या जागी आलेल्या आयटीएमधेही लुफ्तान्साने जानेवारी २०२५ मधे ४१ टक्के घेतले, ते जुनी कंपनी बंद होऊन लहान ताफ्याची नवी उभी राहिल्यानंतर. म्हणजे विकायचं असेल तरी आधी लहान व्हावंच लागतं. फक्त स्लॉटसाठी कोणी घेत असेल तर ते मर्जर नाही, ती कंपनीची विक्री आहे, त्यात कर्मचाऱ्यांनी फार आशा धरू नये.

अजून एक गोष्ट ज्यावर कमी बोललं जातं, ती म्हणजे कायदा. अमेरिकेत चॅप्टर ११ मधे कंपनी उडत राहते, करार मोडता येतात, विमानांबाबत विचार करायला ६० दिवस मिळतात. जिथे अशी सोय नीट नाही तिथे लेसर विमानं घेऊन जातात किंवा विमानं कोर्टात अडकून जमिनीवर राहतात, दोन्हीत उड्डाण थांबतं, आणि उड्डाण थांबलं की जवळपास संपलंच. जेट एप्रिल २०१९ मधे थांबली, नवीन मालकाची योजना २०२१ मधे मंजूर झाली, एकही प्रवासी फ्लाइट परत सुरू झाली नाही आणि नोव्हेंबर २०२४ मधे सुप्रीम कोर्टाने लिक्विडेशन, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी संपवायला, सांगितलं. गो फर्स्ट मे २०२३ मधे स्वतःहून दिवाळखोरीत गेली, तिचंही जानेवारी २०२५ मधे तेच. याउलट जपान एअरलाइन्सने कोर्टात असतानाही उड्डाणं चालू ठेवली होती, तिथेच निम्मी लढाई जिंकली.

म्हणून कोणी मला विचारलं की अमुक एअरलाइन वाचेल का तर मी आधी तोटा बघत नाही. कार्डवाली बँक पैसे अडवून ठेवतेय का, अडवत असेल तर किती, उभ्या विमानांची संख्या दर महिन्याला वाढतेय की घटतेय, पीएफ आणि कराचे हप्ते वेळेवर जातायत का, आणि मागच्या सहा महिन्यांत त्यांनी एखादा अख्खा विमानप्रकार सोडला का, हे बघतो. आमच्या कंपनीने मर्जर फिसकटल्यावर सात विमानं परत केली, हँगरमधलं ते पार्ट काढलेलं विमानही त्यात होतं, त्याचं इंजिन परत बसवायलाच आमचे नऊ आठवडे गेले. उरलेल्या एकाच प्रकारच्या विमानांवर ती कंपनी आजही उडतेय, तेव्हाच्या जवळपास निम्म्या आकाराची आहे आणि तिचं नाव कोणाच्या मोठ्या यादीत नसतं, पण पगार महिन्याच्या पहिल्या तारखेला होतात.